सात जणी, एक क्रूझर आणि आपांचा धबधबा

आमच्या नोकरीत प्रत्येक गोष्टीला रजिस्टर असतं. पोरांच्या वजनाचं वेगळं, उंचीचं वेगळं, गरोदर बायांचं वेगळं, खिचडीचं वेगळं. जे रजिस्टरात लिहिलं तेच परत मोबाईलमध्ये भरायचं, अन् मोबाईलमध्ये भरलेलं दिसत नाही म्हणून परत कागदावर लिहून द्यायचं. किश्शांना तेवढं रजिस्टर नाही. त्यामुळं ते डोक्यातच साचत राहतात, आणि मीटिंग सुरू व्हायला उशीर झाला की बाहेर पडतात. आमच्या मीटिंगला कायम उशीर होतो.

मी अंगणवाडी सेविका. वय सत्तेचाळीस, गुडघे पासष्टचे. माकणीच्या आसपासच्या सात गावांतल्या आम्ही सात जणी. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही, तीन पुरेत. पहिल्या रेहाना आपा, सगळ्यात मोठ्या, त्याच महिनाअखेरीला रिटायर होणार होत्या. दुसरी शिवलीला, सगळ्यात लहान. माहेर कर्नाटकात, त्यामुळं घाबरली की कानडीत बोलते अन् चिडली की मराठीत. तिसरी वंदना. ही प्रत्येक कामाच्या आधी देवाचं नाव घेते आणि मग काम मला देते.

आणि आपांना धबधबा बघायचा होता.

* * *

ह्या धबधब्याचं मूळ एका पेंटरमध्ये आहे.

अकरा वर्षांपूर्वी आपांच्या अंगणवाडीची भिंत रंगवायला गावातलाच एक पेंटर आला. एरवी तो दुकानांच्या पाट्या लिहायचा. त्यानं हत्ती काढला, मोर काढला, आणि जागा उरली म्हणून कोपऱ्यात एक धबधबा काढला. तो धबधबा हुबेहूब खिळ्याला टांगलेल्या झाडूसारखा दिसतो. वर बारीक, खाली फिस्कारलेला.

एका पोरानं विचारलं, "आपा, ह्ये काय हाय?"

"धबधबा."

"खरा बी आसाच आसतो?"

आता दुसरी कुणी असती तर "हो" म्हणून मोकळी झाली असती. मी तर नक्की झाले असते. मी पोरांना डायनासोर सोलापूरला असतो म्हणून सांगितलेलं आहे. पण आपा खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "बघून सांगते."

ते पोरगं आता लातूरला कॉलेजात आहे. उत्तर द्यायचं राहिलेलं आहे!

* * *

असं नाही की आम्ही प्रयत्न केला नाही.

पहिल्यांदा गेलो तीन वर्षांपूर्वी. आम्हाला लांब सुट्टी मिळते ती उन्हाळ्यात. सुट्टी मिळाली, गाडी मिळाली, येडशीच्या रामलिंगला गेलो, तिथं देवळामागं धबधबा पडतो. देवळामागं गेलो तर नुसता कोरडा कडा. त्याच्यावर दोन माकडं बसलेली. तीही कंटाळलेली.

आपांनी बराच वेळ वर बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी बी सुट्टीवर गेलंय गे."

दुसऱ्यांदा शहाण्या झालो, पावसाळ्यात निघालो. लोहाऱ्यापर्यंत पोचलो नाही तोच ग्रुपवर मेसेज, 'सर्व सेविकांनी आज दुपारपर्यंत माहिती भरावी.' गाडी एका चिंचेखाली लावली. सात जणी, सात मोबाईल, रेंज एका जणीच्या मोबाईलला. तीन वाजले. गाडी तिथूनच माघारी फिरवली.

घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय बघितलं?"

म्हटलं, "चिंच."

* * *

ह्या खेपेला मात्र शेवटची संधी होती. आपा रिटायर झाल्यावर मुलाकडं हैदराबादला जाणार होत्या, नातवंडं सांभाळायला. म्हणजे नोकरी तीच, फक्त रजिस्टर नाही. यंदा पाऊसही लई झालेला. म्हटलं, सप्टेंबरातला एक रविवार काढायचा म्हणजे काढायचाच.

प्रश्न घरच्यांचा. 'फिरायला जाते' म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांचीच तब्येत एकदम बिघडते. म्हणून ठरलं, घरी सांगायचं 'प्रशिक्षण'. आमची प्रशिक्षणं इतकी असतात की घरच्यांनी आता विषय विचारायचंही सोडून दिलंय.

माझ्या सासूबाई सकाळी स्वयंपाकघरात आल्या. मी धपाटे बांधत होते.

"रविवारी कसलं गं प्रशिक्षण?"

"आमच्यात रविवारीच असतं, आत्या."

"अन् धपाटे पन्नास?"

"तिथं जेवण बरं नसतं."

सासूबाईंनी डब्याकडं बघितलं, माझ्या नव्या साडीकडं बघितलं, आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या डब्यात भरून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "ही बी ने. प्रशिक्षणात कोरडे धपाटे घशात अडकतेत."

आपांनी मात्र प्रशिक्षण-बिशिक्षण काही सांगितलं नाही. नवऱ्याला सरळ म्हणाल्या, "धबधबा बघायला जाते."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "हौ, हौ. जा. लवकर ये प्रशिक्षणावरनं."

* * *

सहल कशी सुरू झाली ते मला माहीत नाही, कारण मी झोपले होते. सगळ्याच झोपल्या होत्या. आदल्या दिवशी सरकारच्या पोषण महिन्याची प्रभात फेरी, रांगोळी अन् पाककृतींचं प्रदर्शन असं सगळं एकाच दिवशी उरकलेलं. गाडीत बसलं, बूड टेकलं, झालं. सात जणींची तोंडं उघडी.

क्रूझरचे ड्रायव्हर बबनभाऊ. लग्नाची वऱ्हाडं न्यायची त्यांना सवय. धाराशिव जवळ आल्यावर त्यांनी आम्हाला उठवलं. म्हणाले, "ताई, तुमच्यापेक्षा वऱ्हाड बरं. निदान भांडतंय तरी. मला वाटलं मी एकटाच सहलीला आलोय."

एका गावात चहाला गाडी थांबली. चहा येईपर्यंत सात जणी कुठं? चहाच्या टपरीमागच्या बंद अंगणवाडीच्या खिडकीला डोळे लावून उभ्या! रविवार, सुट्टी, कुलूप. तरी बघणं चाललेलं.

वंदना म्हणाली, "ह्यांचा वजनकाटा नवा दिसतोय."

शिवलीला म्हणाली, "ह्यांचा हत्ती आपल्या हत्तीपेक्षा बारीक हाय. कुपोषित."

आपा म्हणाल्या, "ह्यांच्या भिंतीवर धबधबा न्हाय बग." अन् जरा समाधानानं चहा प्यायला आल्या.

* * *

धाराशिवच्या लेण्यांपाशी उतरलो. डोंगराच्या कडेला दगडात कोरलेला भलामोठा हॉल, मध्ये खांबच खांब, भोवतीनं खोल्या. बाकीचे लोक आत येऊन गप्प होत होते, वर बघत होते, हात जोडत होते. आम्ही आत शिरलो आणि तपासणी सुरू झाली.

"हवा खेळती हाय," शिवलीला म्हणाली.

"उजेड कमी," मी म्हटलं.

"मधी पोरं बसतील, त्या खोलीत धान्य, ह्या खोलीत खिचडी," वंदनानं वाटणीच करून टाकली. आमच्यातल्या तिघींच्या अंगणवाड्या अजून समाजमंदिरात भरतात, पत्र्याखाली. वंदनाला तो हॉल बघून भडभडून आलं. "एवढी जागा! अन् एक बी पोरगं न्हाय!"

आपा वर बघत म्हणाल्या, "केवढ्या जुन्या काळातलं बांधकाम. अजून छत गळत न्हाय बग."

तेवढ्यात टप्पकन एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

आपांनी चष्मा पुसला. "गळतंय. म्हंजे सरकारीच हाय."

मग फोटो. आमच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तो कॅमेरा आहे ज्यात फोटोवर ठिकाण आणि वेळ छापून येते. त्याशिवाय आमचा कामाचा फोटो कुणी खरा मानत नाही. शिवलीलानं सवयीनं तोच उघडला, सवयीनं फोटो काढला, आणि सवयीनं ग्रुपवर टाकला. आमच्या सातजणींच्या नाही, सुपरवायझर मॅडम असलेल्या ग्रुपवर. खाली लिहिलं, 'आजची उपस्थिती.'

फोटोत काय, तर अंधारात सहा बाया, मागं काळे खांब.

शिवलीलाच्या लक्षात आलं तेव्हा ती कानडीत सुरू झाली. "अय्यो देवरे!" आणि पुढं बरंच काही. फोटो पुसायला जाते तोवर इतर गावांतल्या अकरा जणींनी नमस्काराचे हात टाकलेले. त्यांनीही न बघता, सवयीनंच.

मग मॅडमचा मेसेज आला. आम्ही सगळ्या एकाच मोबाईलवर वाकलो.

'खूप छान उपक्रम. पण लाभार्थी दिसत नाहीत.'

आपांनी वर छताकडं बोट केलं. कोपऱ्यात वटवाघळं लटकली होती.

"त्येंला कळव, लाभार्थी झोपलेत."

* * *

तिथून पुढं जरा बिनसलं. येरमाळ्याच्या रस्त्यावरच येडशीला रामलिंगचा फाटा लागतो. मी म्हटलं, आधी धबधबा करू, पाणी बघू, मग निवांत येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरीच्या दर्शनाला जाऊ. वंदना म्हणाली, "आधी देवी, मग मजा. येताना रामलिंग वाटेवरच हाय की." बबनभाऊपण म्हणाले, वाटेवरच हाय. तसंच ठरलं.

फाट्यावरनं गाडी सरळ पुढं गेली तेव्हा आपा खिडकीशी होत्या. त्यांनी मान वळवून पाटी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. धपाट्याचा तुकडा हातात तसाच.

येडेश्वरीच्या, म्हणजे आमच्या येडाईच्या, पायऱ्या मी कशा चढले ते विचारू नका. शंभर पायऱ्या झाल्यावर मी बसले. पन्नास झाल्यावर परत बसले. पुढं पंचवीस-पंचवीसवर आले. आपा माझी पर्स घेऊन पुढं गेलेल्या. वरनं ओरडल्या, "सुरेखा, ये गे! तुझ्या गावातली गरोदर बाई तुझ्यापेक्षा भराभरा चालती!"

आपा वर बाहेरच झाडाखाली टेकल्या. आम्ही सहा जणी दर्शनाच्या रांगेत लागलो.

आपांच्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं पोरगं. हात काडीसारखे. आपांनी त्याच्याकडं बघितलं, पर्समधनं पट्टी काढली. दंड मोजायची आमची पट्टी असते. कागदासारखी बारीक, लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग. पोराच्या दंडाला गुंडाळायची. हिरव्यावर आलं तर पोरगं बरं, पिवळ्यावर आलं तर लक्ष द्या, लालवर आलं तर दवाखाना. आम्ही लग्नाला जातानाही ती पर्समध्ये ठेवतो, बायका लिपस्टिक ठेवतात तशी.

आपांनी त्या पोराच्या दंडाला पट्टी गुंडाळली.

आता देवीच्या दारात, झाडाखाली, डोक्यावरनं पदर घेतलेली म्हातारी बाई पोराच्या दंडाला रंगीत पट्टी बांधते आहे. लोकांना काय वाटणार? पलीकडची बाई उठून आली. "आमच्या बाळाला बी बांधा की धागा."

आम्ही तासाभरानं दर्शन घेऊन बाहेर आलो तर झाडाखाली रांग! पोरं कडेवर घेतलेल्या बायका, दोन आज्या, एक आजोबा. एक मावशी रांग नीट लावायला उभी. "एकेक या! धागा समद्यांला मिळंल!"

आपा मान खाली घालून पोरामागून पोर मोजत होत्या. मला बघून म्हणाल्या, "म्या पयल्यापासून सांगायलेय, हा धागा न्हाय. कुणी ऐकंना. मोजून तर होतंय, म्हटलं मोजावं."

"आपा, दोन वाजले! धबधबा!"

"बस खाली. नावं लिही."

अन् आम्ही बसलो हो! सहाच्या सहा बसलो. वंदना पोरं धरायला, शिवलीला वजनाचा अंदाज सांगायला, मी धपाट्यांच्या कागदावर नावं लिहायला. रविवार, सुट्टी, देवीचा डोंगर. मी मनात म्हणत होते, आम्हाला कुणी चंद्रावर सोडलं तरी आम्ही तिथं आधी पोरं हुडकू.

हिरवी बरीच निघाली. पिवळी काही. लाल दोन. त्यातलं एक ते पहिलंच, काडीच्या हातांचं.

त्याची आई घाबरली. "लाल आलं म्हंजे देवी कोपली का वो?"

आपांनी तिचा हात धरला. "देवी कशाला कोपंल माय? पोराला खायला पायजे, बास. उद्या दवाखान्यात न्यायचं. कोणतं गाव तुमचं?"

मग त्या गावच्या सेविकेचा नंबर हुडकणं. तो कुणाकडंच नाही, शेजारच्या गावच्या सेविकेकडनं मिळाला. रविवारी दुपारी तिला झोपेतनं उठवणं. तिनं आधी विचारलं, "कुठनं बोलताय? वरच्या ऑफिसातनं?" आपा म्हणाल्या, "न्हाय गे, झाडाखालनं." दुसऱ्या पोराच्या गावचीही तीच कथा. पोराच्या आज्याला समजावणं वेगळं. तो म्हणत होता, घरात सगळेच असे बारीक. आपा म्हणाल्या, "मग समद्यांनीच जावा दवाखान्यात."

आपा एकदाही घड्याळाकडं बघत नव्हत्या. मी दर पाच मिनिटांनी बघत होते, आणि दर पाच मिनिटांनी मला माझीच लाज वाटत होती.

उठलो तेव्हा पावणेपाच झाले होते.

* * *

रामलिंगला पोचलो तेव्हा सहा वाजून गेलेले. गाडीतनं उतरलो आणि लांबनंच आवाज आला. पाण्याचा. यंदा पाणी कामावर हजर होतं!

आणि गेट बंद.

आत एक गार्ड, वनखात्याचा. म्हणाला, "सहाला बंद होतंय. पाणी बी लई हाय. उद्या या."

उद्या! उद्या सोमवार. सात अंगणवाड्या, सात खिचड्या.

वंदनानं देवाचं नाव घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. मी शिवलीलाकडं बघितलं. शिवलीला पुढं झाली, छाती काढून म्हणाली, "आमी सरकारी कामावर हाय."

"पत्र दाखवा."

शिवलीला मागं आली.

मी म्हटलं, "दादा, लांबनं आलोय, माकणीहून. फक्त पाच मिनिटं."

"ताई, समदेच लांबनं येतेत. जवळचं कोण येतंय?"

हे खरंच होतं.

आपा गेटजवळच्या दगडावर बसल्या. पायातलं चप्पल काढून तळवे चोळायला लागल्या. म्हणाल्या, "चला परत. आवाज ऐकला की. पुष्कळ झालं." आणि चप्पल परत पायात घालताना एक बेल्ट काही त्यांना लागेना. मी वाकून लावायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गे. तुझे गुडघे."

मी तरी खाली बसून बेल्ट लावला.

गार्ड ते बघत होता. म्हणाला, "काकू, तुमी कोणत्या खात्यात?"

आपा म्हणाल्या, "अंगणवाडीत. पर ही पोरगी खोटं बोलली बाबा, सरकारी काम कायबी न्हाय. मला धबधबा बघायचावता. पोरांला शिकवत आले, बघितला कधीच न्हाय. आता महिनाअखेरीला घरी बसते. येवढंच."

गार्डनं रस्त्याकडं बघितलं. किल्ली काढली.

"दहा मिनिटं. शिट्टी वाजवली की माघारी. पाण्यात उतरायचं न्हाय, कठड्याच्या अलीकडंच."

गेट उघडलं. आणि कुणी हललंच नाही. सात जणी एका ओळीत उभ्या, उजवे हात पुढं.

गार्ड म्हणाला, "काय पायजे?"

मी म्हटलं, "रजिस्टर. सही कुठं करायची?"

"आता रजिस्टर बंद केलंय. सही-बिही कायबी न्हाय. जावा पटकन!"

सही न करता आत जायचं म्हणजे पाय उचलेना हो! शिवलीला तर दोनदा मागं वळून बघत होती.

आत गेलो. देवळामागनं पाणी असं खाली येत होतं की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. शिवलीलानं मोबाईल काढला, तोच कॅमेरा उघडला, ठिकाण आणि वेळवाला. आपांनी तिच्या मोबाईलवर हात ठेवला. मग स्वतःची पर्स माझ्या हातात दिली. आत पट्टी, पेन, मोबाईल, सगळं. आणि कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, तुषार अंगावर येत होते तिथं.

त्या काहीच करत नव्हत्या. इतक्या वर्षांत मी आपांना काहीच न करताना पहिल्यांदा बघितलं.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला गार्ड स्वतः आला, पण तोही जरा वेळ मागंच उभा राहिला.

मग आपा वळल्या. पदर चिंब, चष्म्यावरनं पाणी ओघळतंय.

मी ओरडून विचारलं, "कसा हाय?"

"झाडूसारखाच हाय गे!" आपा ओरडल्या. "पेंटरनं बरोबर काढलावता!"

घरी पोचल्यावर आपांच्या नवऱ्यानं ओली साडी बघितली आणि विचारलं, "प्रशिक्षण पावसात ठेवलंवतं का?"

* * *

महिनाअखेरीला आपांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिजलेल्या पोह्यांची प्लेट. सुपरवायझर मॅडमना वरती अहवाल पाठवायचा होता, म्हणून त्या वही घेऊनच बसलेल्या. म्हणाल्या, "आपा, इतकी वर्षं सेवा केली. इतकी प्रशिक्षणं झाली. त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं, सांगा."

आपा म्हणाल्या, "रामलिंगचं."

आम्ही सहा जणींनी एकदम पोह्यांत तोंड घातलं.

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. मोबाईल उघडला, खालीवर केला. "रामलिंगचं? मला इथं नोंद दिसत नाही."

"न्हाय दिसणार. तिथं सही न्हाय घेतली."

"असं कसं? विषय काय होता?"

आपांनी जरा विचार केला.

"भिजणं," त्या म्हणाल्या.

मॅडमनी लिहून घेतलं.